जुना फोटो हातात आला की काय करायचं? बडोद्याच्या चित्रांवरून शहराचा इतिहास वाचायला शिकणाऱ्यांसाठी

दर थोड्या दिवसांनी कुठल्या ना कुठल्या ग्रुपवर "जुनं बडोदं" म्हणून एक फोटो फिरतोच. मांडवी (जुन्या शहराच्या मधोमधची कमानींची इमारत) दिसते, दोन बैलगाड्या, एक पगडीवाला, आणि खाली कोणीतरी छातीठोकपणे लिहिलेलं असतं, "मांडवी, १८५०". मग पन्नास बदाम, वीस हात जोडलेले, आणि कोणी विचारत नाही की १८५० साली मांडवीवर कॅमेरा घेऊन कोण उभं होतं बरं. फोटोग्राफी जगाला कळली १८३९ मध्ये, काचेवर ओला थर देऊन निगेटिव्ह करायची आणि तिच्यावरून हव्या तेवढ्या प्रती काढायची पद्धत आली १८५१ मध्ये, त्यामुळे रस्त्याचा इतका स्वच्छ, कागदावर छापलेला फोटो १८५० चा असणं जवळपास अशक्य. म्हणजे फोटो बघायच्या आधीच कॅप्शन पडली.

हा लेख त्यांच्यासाठी आहे ज्यांना असे फोटो नुसते फॉरवर्ड करायचे नाहीत, त्यातून काहीतरी काढायचंय. इतिहासकार लोक काही जादू करत नाहीत, ते ठरावीक प्रश्न ठरावीक क्रमाने विचारतात, एवढंच. लागणारं सामान म्हणजे एक भिंग, एक वही, मोबाईलवर नकाशा, आणि घाई नको. उदाहरणं सगळी बडोद्याची घेतोय, कारण आपल्याकडे एकाच शहरात वाड्यातली भिंतीचित्रं, परदेशी पुस्तकांतली कोरीव चित्रं, राजवाड्यातली तैलचित्रं, पोस्टकार्डं आणि घराघरातले अल्बम असं सगळं मिळतं.

१. आधी नुसतं बघा, अर्थ लावू नका

हे सगळ्यात कंटाळवाणं काम आहे आणि सगळे हेच टाळतात. फोटोचे मनात चार चौकोन करा, आणि एकेका चौकोनात जे दिसतं ते वहीत लिहा, फक्त दिसतं ते. "मिरवणूक" असं लिहायचं नाही, "वीस-पंचवीस पुरुष, बहुतेक एकाच दिशेने तोंड केलेले, तिघांच्या हातात काठ्या, डावीकडे हत्तीचा मागचा भाग" असं लिहायचं. मिरवणूक हा तुमचा निष्कर्ष आहे, तो नंतर काढा, कदाचित ते लोक फक्त फोटोवाला बघायला जमले असतील, त्या काळात कॅमेरा म्हणजे केवढा तमाशा होता.

कडा जरूर बघा. फोटो काढणाऱ्याला मधलं हवं असतं, कडेचं चुकून येतं, आणि शहराच्या इतिहासाला बहुतेक वेळा हे चुकून आलेलंच कामाचं असतं. महाराजांच्या समूहफोटोत मध्यभागी कोण बसलंय हे आधीच माहीत असतं, पण कडेला छत्री धरून उभा असलेला माणूस अनवाणी आहे का, मागच्या भिंतीवर नळ दिसतो का, ओटल्यावर कोणी बसलंय का, हे कुठल्याच दप्तरात लिहून ठेवलेलं नसतं.

२. उलटं करून बघा

फोटो ही वस्तू आहे. स्क्रीनवर बघताना आपण ते विसरतो, म्हणून शक्य असेल तर मूळ प्रत हातात घ्या, आणि घेताना कडेने धरा, मधे बोटं नकोत.

कागद अगदी पातळ, पुठ्ठ्यावर चिकटवलेला, रंग पिवळट तपकिरी, पांढरा भाग लोण्यासारखा झालाय, असं असेल तर बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा थर दिलेल्या कागदावरची प्रत, जिला अल्ब्युमेन प्रिंट म्हणतात, आणि ती साधारण १८५० च्या दशकापासून १८९० च्या दशकापर्यंतची. जाड पुठ्ठ्यावर खाली स्टुडिओचं नाव सोनेरी अक्षरात छापलेलं, आकार पोस्टकार्डापेक्षा थोडा मोठा, तर तो कॅबिनेट कार्ड, हा प्रकार १८६० च्या दशकात निघाला आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत चालला. भिंगातून बघितल्यावर बारीक बारीक ठिपके दिसले तर तो फोटो नाहीच, छापखान्यात छापलेली प्रत आहे, पुस्तकातून किंवा मासिकातून कापलेली. आणि ठिपक्यांऐवजी रेघाच रेघा दिसल्या तर ते कोरीव चित्र, म्हणजे मधे एक चित्रकार बसलाय हे लगेच वहीत लिहा, त्याच्याकडे आपण पुढे परत येणार आहोत.

पोस्टकार्डाची पाठ तर खजिनाच. ब्रिटनमध्ये १९०२ पर्यंत कार्डाच्या मागच्या बाजूला फक्त पत्ता लिहायची परवानगी होती, त्यामुळे लोक चित्राच्याच कडेला बारीक अक्षरात मजकूर कोंबायचे, मग मागची बाजू दोन भागात विभागली गेली, डावीकडे मजकूर उजवीकडे पत्ता. इकडेही तोच बदल त्या सुमारास आला. म्हणून मागे मधोमध रेघ असेल तर कार्ड विसाव्या शतकातलं समजायला हरकत नाही. पण ध्यानात ठेवा, पोस्टाचा शिक्का कार्ड कधी टाकलं ते सांगतो, फोटो कधी काढला ते नाही. दुकानदार तोच फोटो पंधरा वर्षं विकत असे.

आणि कृपा करून जुन्या फोटोला लॅमिनेशन करू नका, अल्बममधून ओरबाडून काढू नका, मागे बॉलपेनने लिहू नका. लिहायचंच असेल तर मऊ पेन्सिलीने, कडेला, हलक्या हाताने. स्कॅन करताना दोन्ही बाजू करा, सहाशे डीपीआय ठेवा, आणि पुठ्ठ्याची कडासुद्धा येऊ द्या. लोक "स्वच्छ दिसावा" म्हणून कडा कापतात आणि स्टुडिओचं नावच जातं, मग बसा शोधत.

३. कोणी केलं, कोणी पैसे दिले, कोणाला दाखवायला

माझ्या मते सगळा खेळ इथेच आहे. चित्रात काय आहे याच्या आधी ते चित्र अस्तित्वात का आलं हे विचारायचं.

लुई रूसले नावाचा एक फ्रेंच प्रवासी १८६० च्या दशकात हिंदुस्थानात फिरला, तेव्हाचे बडोद्याचे राजे खंडेराव महाराज यांच्या काळात बडोद्यात राहिला, स्वतः फोटो काढायला शिकला. पुढे पॅरिसमध्ये त्याच्या प्रवासवर्णनासाठी त्या फोटोंवरून कोरीव चित्रं केली गेली. त्या चित्रांतलं बडोदं म्हणजे हत्तींची साठमारी (झुंजी), हातात नखं बांधून केलेली कुस्ती, दागिन्यांनी मढलेले महाराज. खोटं आहे का? नाही, खंडेरावांना साठमारीचा आणि कुस्त्यांचा नाद होताच, "स्टार ऑफ द साउथ" नावाचा प्रसिद्ध हिरा त्यांनी विकत घेतला होता हेही खरं. पण त्याच दशकात, १८६१ मध्ये सुरतेकडून येणारी रेल्वे बडोद्यापर्यंत पोचली होती, आणि १८६२ मध्ये याच खंडेरावांनी डभोई ते मियागाम नॅरो गेज रूळ टाकले होते ज्यावरून सुरुवातीला चक्क बैल डबे ओढत होते. आता सांगा, पॅरिसच्या वाचकाला काय बघायला आवडणार, हत्ती की रूळ? त्याच्या घरासमोरही रूळ होते. म्हणून आज आपल्या डोक्यात १८६० चं बडोदं म्हणजे हत्ती, रेल्वे कोणाला आठवत नाही. चित्राने खोटं सांगितलेलं नाही, निवड केलेली आहे, आणि ती निवड बडोद्याबाहेरच्या माणसाची आहे.

शिवाय मधे बसलेला तो चित्रकार. तो बडोद्याला कधी आलेला नसायचा. फोटोत हललेलं, धुरकट आलेलं त्याने स्वतःच्या कल्पनेने भरलेलं असतं, झाडं, ढग, गर्दी, कधी कधी माणसांचे चेहरेही. म्हणून कोरीव चित्रातून इमारतीचा साधारण आकार घ्या, गर्दीत किती माणसं होती ते मोजत बसू नका.

दुसरं उदाहरण १८७५ चं. एप्रिलमध्ये इंग्रजांनी मल्हारराव महाराजांना गादीवरून काढलं, रेसिडेंटवर, म्हणजे दरबारातल्या इंग्रज प्रतिनिधीवर, विषप्रयोग केल्याचा आरोप होता, चौकशी कमिशन बसलं होतं, बडोद्यात वातावरण तापलेलं होतं. मेमध्ये खंडेरावांच्या राणी जमनाबाईंनी नाशिककडच्या कवळाणे गावातला बारा वर्षांचा मुलगा दत्तक घेतला, तेच आपले सयाजीराव. आणि नोव्हेंबरमध्ये लगेच इंग्लंडचा युवराज बडोद्याला भेट द्यायला आला. सोबत लंडनच्या सचित्र साप्ताहिकांचे चित्रकार होते. आता त्या भेटीची चित्रं बघताना ही सहा-सात महिन्यांची पार्श्वभूमी डोक्यात ठेवूनच बघायची. छोटा राजा, मोठा पाहुणा, शिस्तीत उभे हत्ती, सगळं कसं आलबेल. ज्या घरातला प्रश्न नुकताच जोरजबरदस्तीने मिटवलाय तिथला तो "सगळं ठीक आहे" फोटो आहे. मिरवणुकीची रचना, पोशाख, हत्तींचे साज यासाठी चित्र उत्तम पुरावा, पण शहरातले लोक खूश होते का याचा पुरावा म्हणून ते अजिबात वापरू नका.

आता आपल्या माणसांनी आपल्यासाठी केलेली चित्रं घ्या. रावपुऱ्याजवळचा तांबेकर वाडा, भाऊ तांबेकर एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर बडोद्याचे दिवाण होते, त्यांचा हा वाडा आता पुरातत्त्व खात्याकडे आहे. आतल्या भिंतींवर कृष्णलीला आहे, महाभारत आहे, आणि त्याच भिंतींवर इंग्रज-मराठा लढाई आणि गोऱ्या मडमा पण आहेत. बरेच जण बघून म्हणतात, वा, काय सरमिसळ. नुसतं वा म्हणून थांबू नका. विचारा की दिवाणाच्या घरात कोण कोण येऊन बसत असेल, चित्र कुठल्या मजल्यावर आहे, पाहुण्याला दिसणाऱ्या खोलीत की घरच्यांच्या, डोळ्याच्या उंचीवर काय आहे आणि वर छताजवळ काय. भिंतीचित्राची जागा हा त्याच्या अर्थाचा अर्धा भाग असतो, आणि ती जागा पुस्तकात छापलेल्या तुकड्यावरून कधीच कळत नाही, त्यासाठी जिने चढावेच लागतात.

तैलचित्रांचं तर आणखी वेगळं. सयाजीरावांना १८८१ च्या अखेरीस राज्यकारभाराचे अधिकार मिळाले त्या सुमारास राजा रविवर्मा बडोद्याला आले, दिवाण टी. माधवराव यांच्या ओळखीने, आणि त्यांनी राजघराण्यातल्यांची चित्रं केली. पुढे लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रंही केली. असं राजचित्र म्हणजे दोन्ही बाजूंनी ठरवून केलेली गोष्ट, कुठला दागिना घालायचा, कुठला हात तलवारीवर, मागे पडदा की खांब. चेहरा कसा होता यापेक्षा त्या माणसाला कसं दिसायचं होतं हे त्यातून जास्त नीट कळतं, आणि इतिहासाला तेही हवंच असतं. सयाजीरावांचं लहानपणचं चित्र, तिशीतलं चित्र आणि म्हातारपणचा फोटो शेजारी शेजारी ठेवून फक्त दागिने कुठे वाढलेत कुठे कमी झालेत एवढंच टिपून बघा, मजा येते.

दागिन्यांवरून आठवलं, हलत्या चित्राचंही एक प्रकरण बडोद्याच्याच नावावर आहे. १२ डिसेंबर १९११ चा दिल्ली दरबार. सगळ्या संस्थानिकांनी इंग्लंडच्या बादशहासमोर येऊन झुकायचं होतं. सयाजीराव समोर गेले, एकदाच झुकले आणि पाठ फिरवून निघाले, पूर्ण राजवेष आणि दागिने नव्हते, यावरून इंग्रजी वर्तमानपत्रांनी रान उठवलं. दरबाराची फिल्म लंडनच्या थिएटरांत दाखवली गेली आणि लोक ती बघून भांडायला लागले, एक म्हणे हा उघड अपमान, दुसरा म्हणे माणूस गोंधळलाय. महाराजांनी नंतर दिलगिरीचं पत्र दिलं. आपल्याकडे आजही अर्ध्या लोकांना तो स्वाभिमान दिसतो. पण ती काही सेकंदांची फिल्म तुम्ही बघाल तेव्हा एक काम करा, फक्त सयाजीरावांना बघू नका, त्यांच्या आधीचे आणि नंतरचे राजे कसे चालतात, कसे वळतात तेही बघा. तुलनेला दुसरं काही नसेल तर एका माणसाच्या पाठीवरून काहीही सिद्ध करता येतं. आणि मनात काय होतं हे पत्रांतून, डायऱ्यांतून, साथीदारांच्या आठवणींतून येईल, कॅमेऱ्यातून नाही.

४. कॅमेऱ्याला काय दिसतच नव्हतं

नवीन माणूस सगळ्यात जास्त इथे फसतो, म्हणून जरा सावकाश.

जुन्या फोटोत रस्ते ओस दिसतात. लगेच लोक लिहितात, "तेव्हा बडोद्यात किती शांतता होती!" अहो, शांतता नव्हती, एक्स्पोजर लांब होतं. ओल्या काचेच्या काळात कॅमेऱ्याचं झाकण काही सेकंद उघडं ठेवावं लागे, तेवढ्यात जो चालत गेला तो फोटोत उमटलाच नाही, किंवा धुरकट डाग होऊन राहिला. पॅरिसच्या रस्त्याचा १८३८ मधला एक प्रसिद्ध फोटो आहे, भर गर्दीच्या रस्त्यावर नीट दिसतो तो फक्त बूट पॉलिश करून घेणारा माणूस आणि त्याचा पॉलिशवाला, कारण ते एका जागी थांबलेले होते. तेव्हा जुन्या फोटोत जे दिसतात ते थांबलेले लोक, आणि रस्त्यावर थांबणारे कोण असतात, दुकानदार, भिकारी, पहारेकरी, आणि ज्यांना फोटोवाल्याने "हलू नका" म्हणून उभं केलंय ते. जमिनीजवळ धुरकट पट्टा दिसला तर लिहा, "इथे वर्दळ होती." रिकामा रस्ता हा गर्दीचा पुरावा असू शकतो.

दुसरं रंगांचं. जुन्या काचांना फक्त निळा-जांभळा प्रकाश नीट कळायचा, लाल आणि पिवळा जवळपास कळतच नसे, हे पुढे हळूहळू सुधारलं आणि सगळे रंग ओळखणारी फिल्म सर्रास व्हायला विसाव्या शतकातली दोन-तीन दशकं जावी लागली. याचा परिणाम काय? निळं आकाश कोरं पांढरं येतं. भगवी पताका काळपट येते. कुंकू काळं दिसतं. लाल पगडी आणि काळी पगडी सारखीच दिसते, आणि फिकट निळं पागोटं पांढरं दिसतं. तेव्हा "सगळे पांढऱ्या पागोट्यात, म्हणजे शोकसभा असणार" असले निष्कर्ष काढायचे नाहीत. आणि हल्ली ॲपने रंगवलेले फोटो फिरतात ते तर पुरावा म्हणून बाजूलाच ठेवा, ॲपला काय माहीत आपल्या पताकेचा रंग, ते काळ्याला तपकिरी करून मोकळं होतं. जुनी रंगीत पोस्टकार्डंसुद्धा तशीच, त्यातली बरीच जर्मनीत छापली जायची आणि रंग भरणाऱ्याने बडोदं पाहिलेलं नसायचं. हिरवीगार मांडवी बघून दचकू नका.

तिसरं, उलटसुलट. काचेची निगेटिव्ह उलट्या बाजूने छापली गेली तर डावं उजवं होतं. पाटीवरची अक्षरं वाचा, अंगरख्याचे बंद, धोतराचा सोगा, तलवार कुठल्या कमरेला आहे ते बघा. सगळेच डावखुरे दिसले तर फोटो उलटा आहे.

५. तारीख बांधणं

वहीत दोन रकाने करा, "याच्या नंतरचा" आणि "याच्या आधीचा". फोटोतली प्रत्येक ओळखता येणारी गोष्ट एका तरी रकान्यात टाका. बडोद्यासाठी काही पक्के खुंटे देतो.

सयाजीबाग १८७९ ची. बडोदा कॉलेजचा तो मोठा घुमट, चिझम नावाच्या इंग्रज वास्तुविशारदाने बांधलेला, १८८० च्या दशकातला. लक्ष्मीविलास राजवाडा मेजर मँटने आखला, तो १८८१ मध्ये वारला, मग काम चिझमकडे आलं आणि १८९० ला पुरं झालं, त्यामुळे मनोरा अर्धवट आणि परांच्या बांधलेल्या दिसल्या तर तुम्ही नशीबवान, फोटो आपोआप दहाएक वर्षांच्या चौकटीत आला. आजव्याचं नळाचं पाणी १८९० च्या दशकाच्या सुरुवातीचं. रावपुऱ्याचा चिमणाबाई टॉवर आणि न्यायमंदिर दोन्ही १८९६. खंडेराव मार्केट १९०६. हे शेवटचं मुद्दाम सांगतोय, कारण नावावरून लोक हमखास घसरतात, खंडेराव महाराज १८७० ला वारले, मार्केट सयाजीरावांनी बांधून त्यांचं नाव दिलं.

पुढच्या काळातल्या फोटोंना पाट्या मदत करतात. महाराजा सयाजीराव विद्यापीठाची पाटी म्हणजे १९४९ नंतर. दुकानाच्या फळ्यावर भाव "न.पै." मध्ये लिहिलेत, तर फोटो १९५७ ते १९६४ मधला असायची शक्यता फार मोठी, कारण "नया पैसा" हे नाव तेवढीच वर्षं होतं. पत्त्यात पिनकोड आहे तर १९७२ नंतरचा. स्टेशनवर "बरोडा" ऐवजी "वडोदरा" आहे तर १९७४ नंतरचा. पाट्या कुठल्या लिपीत आहेत तेही टिपा, गुजराती, बाळबोध मराठी की इंग्रजी, आणि कुठल्या भागात काय जास्त, दांडियाबाजारात आणि सयाजीगंजात सारखं चित्र दिसणार नाही.

कपड्यांवरून तारीख काढताना मात्र हात आखडता. तरुण माणूस नवीन फॅशन करतो, आजोबा तिशीत शिवलेला कोट सत्तरीतही घालतात. एका फोटोत सगळ्यात नवी वस्तू कुठली ते शोधा, तारीख तीच ठरवते, सगळ्यात जुनी वस्तू काही ठरवत नाही.

उत्तर "१९०३" असं आलं पाहिजे असं काही नाही. "१८९६ नंतर, बहुधा १९१० च्या आधी" हे पूर्ण आणि सन्मानाचं उत्तर आहे.

६. जागेवर जाऊन उभं राहा

हे सगळ्यात आवडीचं काम. प्रिंट घ्या, सकाळी लवकर निघा, गर्दी व्हायच्या आत. बडोद्याचं जुनं शहर यासाठी सोपं आहे, मधे मांडवी, पूर्वेला पाणीगेट, पश्चिमेला लहेरीपुरा, उत्तरेला चांपानेर, दक्षिणेला गेंडीगेट, म्हणजे दरवाजा ओळखला की दिशा मिळाली. खालचे मजले बघत बसू नका, तिथे शटर आणि फ्लेक्स लागलेत, मान वर करा, पहिल्या मजल्याच्या वर लाकडी तुळया, कोरीव खांब, गॅलरीचे कठडे पुष्कळ ठिकाणी तसेच आहेत. फोटोत जवळची आणि लांबची अशा दोन गोष्टी एकमेकींच्या रेषेत कुठे येतात ते बघा, मग तुम्ही पुढेमागे डावीउजवीकडे सरकत तीच रेष जुळवा. जुळली की तुम्ही फोटोवाल्याच्या पावलांवर उभे आहात, आणि पुष्कळदा कळतं की तो जमिनीवर नव्हताच, कोणाच्या तरी गच्चीवर होता. कोणाच्या? त्याला तिथे कोणी चढू दिलं? हा प्रश्न तुम्हाला सरळ तिसऱ्या पायरीवर परत नेतो.

सावल्या पण बघा. टॉवरची सावली पश्चिमेकडे तर सकाळ, पूर्वेकडे तर दुपारनंतर. बडोदं कर्कवृत्ताच्या थोडं दक्षिणेला आहे म्हणून जूनमध्ये आणि जुलैच्या पहिल्या थोड्या दिवसांत भर दुपारचा सूर्य आपल्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते, बाकी वर्षभर दुपारची सावली उत्तरेकडे. मिरवणुकीच्या फोटोवर "दसरा" लिहिलंय आणि दुपारची आखूड सावली दक्षिणेला पडलीय, तर एकतर फोटो उलटा आहे किंवा दसरा नाही.

७. घरच्या अल्बमला कमी समजू नका

राजवाड्याचे फोटो जपले जातात, बाबाजीपुऱ्यातल्या किंवा वाडीतल्या घरातला ट्रंकेतला अल्बम दिवाळीच्या साफसफाईत जातो. पण शाळेचा वर्गाचा फोटो घ्या. बडोदे संस्थानात सक्तीचं प्राथमिक शिक्षण आधी १८९३ मध्ये अमरेली भागात आणि मग १९०६ मध्ये सगळ्या राज्यात आलं. कायदा पुस्तकात सापडेल, पण वर्गात मुली किती, कुठे बसल्यात, पायात काय आहे, मास्तर कुठल्या पगडीत आहेत, हे फक्त फोटोत.

वयस्क माणसांना दाखवताना एक नियम पाळा, उत्तर तोंडात घालू नका. "आजी, हे तुमचे सासरेच ना?" असं विचारलं की आजी "हो हो" म्हणणारच, पाहुण्याला नाही कशाला म्हणा. त्याऐवजी फोटो हातात द्या आणि गप्प बसा. मग विचारा, "आजी, हे कुठलं घर?", "हा ओटा कोणाकडचा?", "ह्या काकू मागे का उभ्या राहिल्यात?" माणसांची नावं विसरलेली असतात पण घर, विहीर, कपाट, साडीचा काठ यावरून आठवण निघते, आणि एक आठवण निघाली की मागोमाग दहा येतात. रेकॉर्ड करायचं तर आधी विचारून. बायकांची नावं खास करून विचारा, अल्बमच्या पाठीवर पुरुषांची नावं हुद्द्यासकट असतात आणि खाली "व मंडळी", त्या मंडळीत कोण कोण होतं हे सांगणारं माणूस आज ऐंशीच्या पुढे आहे.

८. कागदाशी जुळवा

चित्र एकटं कधीच पुरत नाही. बडोद्याचं नशीब चांगलं की संस्थानाने कागद भरपूर केला. १८८३ चं बडोद्यावरचं गॅझेटियर (प्रदेशाची माहिती देणारा सरकारी ग्रंथ) आहे, १९२३ चं दोन भागांचं आहे, दरवर्षीचे राज्यकारभाराचे अहवाल आहेत ज्यात रस्ते, पूल, नळ, दवाखाने यांचा खर्च येतो. जुनी दप्तरं कोठीवरच्या अभिलेखागारात, पुस्तकं सेंट्रल लायब्ररीत आणि विद्यापीठाच्या हंसा मेहता लायब्ररीत, रविवर्म्यांची चित्रं राजवाड्याच्या आवारातल्या फत्तेसिंग म्युझियममध्ये, आणि सयाजीबागेतलं म्युझियम आहेच. सिटी सर्वेचे नकाशे मिळाले तर सोन्याहून पिवळं, घर नंबर जुळतो.

जुळवताना फोटो आणि कागद भांडले तर खूश व्हा. अहवाल म्हणतो रस्ता रुंद झाला, फोटोत त्याच वर्षानंतर तो अरुंदच आहे, म्हणजे एकतर तुमची तारीख चुकली किंवा अहवालाने आधीच पाठ थोपटून घेतली. दोन्ही शक्यता तपासा. आणि कुठल्याच कागदात, कुठल्याच चित्रात जे लोक येत नाहीत, सफाई करणारे, पाणी भरणारे, राजवाड्याचे दगड घडवणारे, त्यांच्यासाठी पगारपत्रकं, हजेरी, खर्चाच्या वह्या बघाव्या लागतात, फोटोत ते मिळाले तर कडेलाच मिळतील.

९. आता कॅप्शन लिहा

तीन प्रकारची वाक्यं वेगळी ठेवा: जे दिसतं, जे अंदाजाने कळतं, आणि तो अंदाज कशावरून. समजा असा फोटो असेल तर कॅप्शन अशी जमेल: "रावपुरा, पूर्वेकडे बघताना. चिमणाबाई टॉवर पूर्ण झालेला दिसतो म्हणून १८९६ नंतरचा. छापील पोस्टकार्ड, मागची बाजू विभागलेली, शिक्का १९११. फोटोग्राफरचं नाव कार्डावर नाही. मूळ प्रत खासगी संग्रहात, मालकांच्या परवानगीने." "सुवर्णकाळ", "हरवलेलं बडोदं", "ते दिवसच वेगळे" असले शब्द कॅप्शनमध्ये नकोत, कमेंटमध्ये खुशाल लिहा.

हल्ली अजून एक तपासणी वाढलीय. मशीनने बनवलेले "जुने" फोटो येतायत, छान तपकिरी, छान धूळ. पाट्यांवरची अक्षरं मोठी करून बघा, गुजरातीसारखी दिसतात पण वाचता येत नाहीत. खांब नसताना तारा लटकतात, मांडवीला कमानी भलत्याच, माणसांच्या हाताला बोटं कमीजास्त. फोटो कुठून आला हे पाठवणाऱ्याला सांगता येत नसेल तर तो संग्रहात घ्यायचाच नाही, कितीही सुंदर असू दे.

फाइलला नाव देताना आधी जागा, मग वर्षांचा पट्टा, मग कोणाकडून मिळाला ते, आणि मागच्या बाजूच्या स्कॅनला तेच नाव देऊन पुढे "पाठ" लिहा. रंग सुधारलेली, डाग काढलेली प्रत करायची असेल तर करा, पण मूळ स्कॅनवर सेव्ह करू नका, वेगळ्या फोल्डरमध्ये ठेवा आणि एक कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर.